डॉक्टर, वय धरायचं की वजन?

डॉक्टर, तुम्हाला जाऊन अजून महिना झाला नाही आणि मला तुमच्याशी भांडायचं आहे. रडून झालं. महाडला काकूंच्या गळ्यात पडून झालं, पोलादपूरला परत येऊन दवाखान्याचं दार ओढून घेऊन एकटीनं रडून झालं. आता आपलं नेहमीचं भांडण तेवढं उरलं आहे. ते अर्धवट टाकून जायची तुमची ही पहिलीच वेळ, म्हणून कागद पुढ्यात घेतला.

तुम्ही कुठे शिकलात, कुठली पदवी घेतलीत, कोणकोणत्या साथी पाहिल्यात, ते लिहिणारे लिहितील. मला त्यातलं फारसं ठाऊकही नाही. मला ठाऊक आहे ते तुमचं खुर्चीवरून ताडकन उठणं. समोरच्यानं एखादं उत्तर बरोबर दिलं की तुम्हाला बसवतच नसे. खुर्ची मागच्या कपाटावर आपटायची, कपाटातल्या बाटल्या किणकिणायच्या आणि आतून काकू ओरडायच्या, "अहो, एक दिवस सगळी औषधं खाली घ्याल!"

मी पहिल्यांदा आले तेव्हाही तेच झालं. माझा भाऊ सदा तुमच्या कंपाउंडरच्या वर्गात नाव घालून आला होता आणि दुसऱ्याच आठवड्यात मुंबईला गिरणीत लागला. नवरा गेल्यापासून मी सदाच्याच घरी होते. मराठी चार इयत्ता झाल्या होत्या, पुढे चूल आणि पाणी. त्याचा निरोप तेवढा द्यायचा म्हणून मी दवाखान्याच्या उंबऱ्यात उभी राहिले.

"सदा यायचा नाही," मी म्हटलं.

"मग कोण आलंय?"

"मी. निरोप सांगायला."

"आलीस ना? मग आत ये."

तुम्ही माझ्या हातात काचेचा एक पेला दिलात. त्याच्या अंगावर बारीक रेघा होत्या. "ह्या रेघेपर्यंत पाणी घाल," म्हणालात. मी घातलं. वरून रेघ नीट दिसेना, म्हणून मी वाकले, डोळा रेघेच्या समोर आणला आणि मग शेवटची धार सोडली. तेवढ्यात खुर्ची कपाटावर आपटली.

"वाकली! अहो, बाहेर या, ही वाकली!"

काकू पिठाच्या हातांनी धावत आल्या. "कोण वाकलं? काय मोडलं?"

"काही मोडलं नाही. वरून बघून ओतलं की माप चुकतं, डोळा खाली आणावा लागतो, हे मी आजवर प्रत्येकाला घसा फोडून सांगत आलो. ही आपली आपण वाकली!" आणि माझ्याकडे वळून, "उद्या सकाळी ये. रोगी यायच्या आत."

त्या दिवशी मी घरी सरळ गेलेच नाही. गांधारीच्या काठानं लांबचा फेरा घेऊन गेले. कुणीतरी माझ्या वाकण्याचंही कौतुक करतं, हे मला कितीतरी वेळ पचत नव्हतं.

वर्गात आम्ही दोघंच, मी आणि विठू. विठू उमरठच्या वरच्या वाडीतला, चांगला थोराड बाप्या, नाचणी-वरी पिकवणारा. दोन्ही भाऊ मुंबईला. तो महाडला मावशीकडे राहून शिकत होता. कशाला शिकायचंय, असं तुम्ही विचारलंत तेव्हा म्हणाला, "आमच्या वाडीत ताप आला का मानूस महाडला आनस्तवर निम्मा व्हतो, डाक्टर. मानूस खाली आनन्यापरीस दवाच वर नेतो." तुम्ही त्याचं हे वाक्य पुढे कितीजणांना ऐकवलंत! जणू तुम्हीच त्याला जन्म दिला होता.

काय सकाळी होत्या त्या! चिठ्ठीवरच्या मापांच्या खुणा तुम्ही फळ्यावर हातभर मोठ्या काढायचात. ड्रामची खूण आपल्या तीनच्या आकड्यासारखी. तिलाच डोक्यावर आणखी एक वळसा दिला की झाला औंस. "एक वळसा!" तुम्ही खडू नाचवत म्हणायचात. "एका वळशात औषध आठपट होतं. डॉक्टरचा हात घाईत असतो, त्याला वळसे दिसत नाहीत. ते तुम्हाला दिसले पाहिजेत." मग थेंबांचा दिवस. पुस्तकात द्रवाच्या सगळ्यात लहान मापाला मिनिम म्हणतात. मी म्हटलं, म्हणजे थेंबच की. तुम्ही नुसते हसलात. एका नळीतून पाणी आणि दुसरीतून स्पिरिटातला अर्क टाकायला लावलात. पाण्याचा थेंब टपोरा, अर्काचा बारका. तितकेच थेंब टाकूनही एक पेला भरत आला आणि दुसरा निम्मासुद्धा भरेना. विठू तर पेल्याकडे गारुडी बघितल्यासारखा बघत राहिला. "थेंबावर भरवसा नाय," तो पुटपुटला. "लिहून ठेवा!" तुम्ही गरजलात. "थेंबावर भरवसा नाय!"

आणि मारेकरी. त्याच्यासाठी मी आठवडाभर वाट बघायची. तुम्ही मुद्दाम एक चुकीची चिठ्ठी लिहायचात, वरकरणी अगदी सोज्वळ, आणि टेबलावर ठेवून म्हणायचात, "ह्यात एक मारेकरी लपलाय. शोधा." कधी मुलाच्या नावापुढे मोठ्या माणसाचा डोस, कधी दिवसातून तीनदाच्या जागी दर तासाला. एकदा पोटदुखीच्या औषधात अफूच्या अर्कापुढे ड्रामऐवजी औंस निघाला, तेव्हा विठू बाकावरून उडालाच. "मारलंत! डाक्टर, मारलंत तुमी त्याला!" त्याचा आवाज म्हणजे डोंगरावरून गुरं हाकणाऱ्याचा. बाजाराला निघालेली माणसं दवाखान्याच्या पायरीशी गोळा झाली. "कुनाला मारलान?" कुणीतरी विचारलं. तुम्ही दारात जाऊन हात जोडलेत. "मी मारत होतो, ह्यांनी वाचवला. जा आता, बाजार करा!"

गर्दी हटल्यावर मात्र तुमचा चेहरा बदलला. "मारेकरी सापडला की काय करायचं?" मी म्हटलं, दुरुस्त करून औषध करायचं. "नाही, गोदे. आपल्या मनानं दुरुस्त नाही करायचं. चिठ्ठी हातात घ्यायची, डॉक्टरकडे जायचं आणि विचारायचं. चिठ्ठी माझी असली तरी. मी रागावलो तरी. रागावलो तर आणखी एकदा विचारायचं." माझं नाव गोदावरी. ह्या जगात मला 'गोदे' म्हणणारं आता कुणी राहिलं नाही.

तुम्हाला एक विचारायचं राहून गेलं. भाताच्या वखारीचे ते व्यापारी आठवतात? मुलाच्या तापाचं मिक्श्चर न्यायला आले होते. टेबलामागे मी बाटलीला बूच लावते आहे हे बघून त्यांनी हात आखडता घेतला. "बाईच्या हातचं औषध आमच्याकडे चालायचं नाही. त्यातून अशा बाईच्या." अशा म्हणजे विधवा. मी बाटली खाली ठेवली. माझे कान तापले होते.

तुम्ही दुसरी बाटली घेतलीत, त्याच चिठ्ठीवरून त्यांच्या देखत तेच मिक्श्चर केलंत, बूच लावलंत. मग दोन्ही बाटल्या पंचाखाली घेऊन उलटसुलट फिरवल्यात आणि त्यांच्यापुढे मांडल्यात. "एक माझ्या हातची, एक तिच्या. औषध तेच, माप तेच. तुम्हाला चालणारी उचला."

ते म्हणाले, "तुम्हीच सांगा ना, कुठली तुमची."

"मला कुठे ठाऊक? दोन्ही बरोबर झाल्यात, आता कशी ओळखू?"

ते रागानं निघून गेले. पण मुलाचा ताप काही रागावून गेला नव्हता. दुपारी त्यांचा गडी आला आणि त्यातली एक बाटली घेऊन गेला. मुलगा बरा झाला. ती बाटली तुमची की माझी, मी तुम्हाला किती वेळा खोदून विचारलं! दर वेळी तुम्ही मिशीत हसलात. तुम्हाला ठाऊक होतं, डॉक्टर. नक्की ठाऊक होतं.

आता भांडणाकडे येते.

मुलांच्या डोसाचे दोन नियम तुम्ही आम्हाला एकाच सकाळी शिकवलेत. एक वयाचा. मुलाचं वय घ्या, त्यात बारा मिळवा, आणि त्या बेरजेनं वयाला भागा. चार वर्षांचं पोर असेल तर चाराला सोळानं भाग, म्हणजे मोठ्या माणसाच्या डोसाचा चौथा हिस्सा. दुसरा वजनाचा. पोराचं वजन रत्तलांत, म्हणजे पौंडांत, घ्या आणि दीडशेनं भागा, कारण पुस्तकाच्या हिशेबानं मोठा माणूस दीडशे रत्तल भरतो.

"दीडशे रत्तलांचा मानूस आमच्या वाडीत कंदी जल्मलाच नाय," विठू म्हणाला.

"म्हणूनच वय धरा," तुम्ही म्हणालात. "वजनाचा नियम साहेबाच्या अंगावर बेतून शिवलेला आहे."

"आणि वयाचा?" मी विचारलं. "साहेबाचं सहा वर्षांचं पोर आणि विठूच्या वाडीतलं सहा वर्षांचं पोर एका अंगाचं असतं होय?"

तुम्ही उठलात. पण मान्य नाही केलंत! तुमच्या मते उत्तर चुकलं असूनही खुर्चीवरून उठलात, ती तेवढी एकच वेळ. "वाडीत तराजू कुठून आणणार?" "तुम्ही वय कुठून आणणार?" हे वर्ष-दोन वर्षं चाललं. आम्ही दोघं दासगावच्या बंदरातून लाँचनं मुंबईला जाऊन परीक्षा देऊन आलो, पास झालो, विठू औषधांची पेटी घेऊन वाडीवर गेला, मला पोलादपूरच्या दवाखान्यात काम मिळालं, तरी भांडण तिथंच होतं.

मग त्या वर्षी भातकापणीच्या दिवसांत विठूचा निरोप आला. वाडीत घरोघर ताप आहे, लवकर या. तुम्ही महाडहून सर्व्हिस मोटारीनं पोलादपूरला आलात, मला घेतलंत, आणि आपण चालत वर गेलो. तुम्ही चढाला थांबत होतात, पण बोलणं थांबत नव्हतं. वाटेत मला हिवतापावरच्या कोयनेलचे डोस तोंडपाठ म्हणायला लावलेत.

पहिल्याच घरात चिमी होती. आईच्या मांडीवर, डोळे अर्धे मिटलेले, अंग तव्यासारखं.

"हिचं वय काय?" तुम्ही विचारलंत.

"साल नाय ठावं, बाबा. दरड आली ना, तवा ही पोटात व्हती."

कुठली दरड, ह्यावरून ओटीवरच्या म्हाताऱ्यांत जुंपली. कुणी म्हणे पोरगी पाच वर्षांची, कुणी म्हणे सात. तुम्ही तिचं तोंड उघडून बघितलंत. "पुढचे दुधाचे दात हलायला लागलेत. सहा धरू."

"सहाची ही?" मी म्हटलं. "एवढीशी?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी विठूकडे बघितलं. विठूनं पाण्याची कावड आणली आणि तिची दांडी बरोबर मधोमध बांधून ओटीच्या वाशाला टांगली. एका टोकाला पाटी, दुसऱ्या टोकाला हंडा. पाटी हलकी होती, तिच्यात दगड घालून दोन्ही बाजू सारख्या केल्या. चिमीला गोधडीत गुंडाळून आईनं पाटीत ठेवलं आणि तिच्या डोक्याशी हात धरून उभी राहिली. गोधडीएवढंच एक घोंगडं मी हंड्याखाली लटकवलं. आता हंड्यात पेटीतल्या पाइंटाच्या मापानं पाणी ओतायचं होतं. पाइंटभर पाणी सव्वा रत्तल भरतं, हे तुम्हीच घोकून घेतलं होतंत.

"वेळ जातोय," तुम्ही म्हणालात. आणि पुढच्याच क्षणी माझ्या हातातलं माप ओढून घेतलंत. "सांडतेस. मी ओततो."

सगळी वाडी अंगणात. तुम्ही ओतत होतात, माणसं मोठ्यानं मोजत होती, ज्यांना ताप होता तीसुद्धा अंथरुणातून मोजत होती. दांडी हळूहळू हलली, चिमी वर यायला लागली आणि दांडी आडवी, अगदी सरळ थांबली. अंगणात असा गलका झाला की गोठ्यातली गुरं उठून उभी राहिली.

"वीस पाइंट! पंचवीस रत्तल!" मी ओरडले. "दीडशेचा सहावा हिस्सा!"

"सहाला अठरानं भाग. वयानं तिसरा हिस्सा!" तुम्ही.

"दुप्पट!" आपण दोघं एकदमच म्हणालो. इतकी वर्षं फळ्यावर भांडलो, तो फरक समोर पाटीत बसला होता. खरं सांगू? त्या क्षणी मी हरखून गेले होते, आणि तुम्हीही.

चिमीच्या आईनं तिला पाटीतून उचललं. "तुमचा हिशोब ऱ्हाऊ दे गो बाय," ती मला म्हणाली. "पोरीला दवा द्या आदी."

तुमचा चेहरा लगेच शांत झाला. "तिसरा हिस्सा," तुम्ही म्हणालात. "तापाचा किडा पोरीचं वजन बघून कमी चावत नाही. कोयनेलला कंजुषी केली तर ताप परत उठेल, आणि मग हिच्यात झुंजायला काही उरायचं नाही." मी डोस मोजला. जास्त झालं तर? मी तुम्हाला तसं स्पष्ट विचारलं, आणि रागावला नाहीत तरी आणखी एकदा विचारलं. तुम्ही दोन्ही वेळा नीट उत्तर दिलंत. मग मी तिच्या ओठांना वाटी लावली.

आपण वाडीवरच मुक्काम केला. घरोघर फिरत होतो आणि फिरून फिरून चिमीपाशी येत होतो. ताप उतरला. ती उठून बसली, पेज मागितली, आणि मग दोन्ही कानांवर हात ठेवून म्हणाली, "आये, कानात भुंगा गुनगुनतो."

कोयनेल भरपूर झालं की कान वाजतात. तुम्हीच शिकवलंत.

"ताप उतरला," तुम्ही मला म्हणालात.

"कान वाजतायत," मी तुम्हाला म्हटलं.

आणि आपण दोघं त्या ओटीवर वेड्यासारखे हसत सुटलो. पुढचा डोस तुम्ही मला न विचारता कमी केलात. शेजारच्या घरात हगवणीनं गळालेल्या पोराला अफूचा अंश असलेलं औषध द्यायचं आलं, तेव्हा तर तुम्ही आपण होऊन म्हणालात, "विठू, कावड आण." उतरताना वाटेत निकाल दिलात: कोयनेलला वय, अफूला वजन.

"हे कसलं शास्त्र?" मी विचारलं.

"हे शास्त्र नाही गोदे, हे पोलादपूर आहे."

माझं समाधान झालं नाही, डॉक्टर. अजून झालेलं नाही. मला वाटतं आपल्या डोंगरातल्या पोरांसाठी तिसराच नियम हवा, इथल्या अंगांवर बेतलेला, आणि तो कुणीतरी बसून, मापून, ताडून काढला पाहिजे. हे मी तुमच्याशी बोलणार होते. तुम्ही सगळे मुद्दे खोडून काढले असतेत आणि मग रात्रभर त्याच्यावरच विचार केला असतात.

शेवटच्या भेटीत तुम्ही मला मोटारीपर्यंत सोडायला आलात. म्हणालात, "आता वर्ग तू घे. आठवड्यातून एकदा महाडला ये. कंपाउंडर पुष्कळ झाले, शिकवणारं कुणी नाही." मी म्हटलं, विचार करून सांगते. "विचार कसला त्यात?" तेवढ्यात मोटारीचा भोंगा वाजला.

माझा विचार तर मोटार गावाबाहेर पडायच्या आत झाला होता. हो म्हणायचं होतं. पण ते निरोपानं कळवायचं नव्हतं. मला समोर उभं राहून सांगायचं होतं, आणि तुमची खुर्ची कपाटावर आपटलेली ऐकायची होती. म्हणून ते 'हो' मी पुढच्या खेपेसाठी राखून ठेवलं. आले तेव्हा तुम्ही अंगणात होतात, डोळे मिटलेले, आणि महाडातली निम्मी माणसं उभी होती. ते वखारीचे व्यापारीही होते. मी तुमच्या पायांवर डोकं ठेवलं आणि हळूच सांगितलं. काकूंनी ऐकलं असावं.

कारण परवा त्यांनीच बोलावणं पाठवलं. दवाखान्यात आता नवे तरुण डॉक्टर आले आहेत. वर्गाची खोली मात्र काकूंनी कुणाला दिली नाही. कडी काढून म्हणाल्या, "घे. आणि माझ्या बाटल्या सांभाळ."

बाकावर चौघं जण होते. त्यात विठूची भावजय सगुणा, नवरा मुंबईला, हात नांगरणी-लावणीनं खरबरीत झालेले. विठूनंच धाडली होती. खडू हातात घेतला आणि अंगात असं काही संचारलं की वर्ग कधी संपला ते कळलंच नाही. बाहेर रोग्यांची रांग लागली होती. नव्या डॉक्टरांनी चिठ्ठी पाठवली, तापाचं मिक्श्चर. मी सगुणाला पुढे केलं. तिनं चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली, मला एक शंका विचारली, मग माप घेतलं. औषध बाटलीत भरून तिनं बाहेरून कागदाची पट्टी चिकटवली, एकेका डोसाला एकेक कातर मारलेली.

रोगी बिरवाडीचा होता, पागोटेवाला. पहिला डोस तिथंच उभ्यानं घेतला आणि त्याचं सगळं तोंड वेडंवाकडं झालं.

"कुनी केलान हे?"

सगुणा टेबलामागून पुढे आली.

"मी."

त्यानं तिला खालून वरपर्यंत बघितलं. तिच्या हातांकडे बघितलं.

"लय कडू हाय गो," तो म्हणाला, आणि बाटली तिच्यापुढे धरली. "सांजचं किती घेऊ?"

सगुणानं कागदाच्या पट्टीवर बोट टेकवलं. "सांजचं हितवर. उद्या सकाळी हितवर. आनी बाटली सपली का परत या. मी हाय हितंच."